रिओव्हानेसच्या किल्ल्यात एकटा रामझा

जपानमधील स्क्वेअर या कंपनीने २० जून १९९७ रोजी प्लेस्टेशनसाठी बाजारात आणलेला ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांतील मानदंड समजला जातो. यासुमी मात्सुनो यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या खेळाची इंग्रजी आवृत्ती जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेत निघाली. त्याचे कथानक, त्याचे संगीत आणि पहिल्या इंग्रजी भाषांतराची उडालेली दैना यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि, हा खेळ ज्यांनी खरोखर खेळला आहे त्यांच्यापाशी अवघड टप्प्यांचा विषय काढला, की बहुधा पहिले नाव निघते ते रिओव्हानेस किल्ल्याचे. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या या किल्ल्यात तीन लढाया एकापाठोपाठ एक लढाव्या लागतात आणि त्यांतील मधल्या लढाईने असंख्य खेळाडूंना खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यास भाग पाडले आहे.

पट आणि घड्याळ

खेळ घडतो इव्हालिस या काल्पनिक राज्यात. रणभूमी चौकोनी घरांची, बुद्धिबळाच्या पटासारखी. फरक एवढाच, की येथील घरे उंचसखल असतात. खेळाडूच्या बाजूने बहुतेक लढायांत जास्तीत जास्त पाच जण उतरतात. योद्धा, धनुर्धर, वैद्य, मांत्रिक, चोर, निंजा असे अनेक पेशे असून प्रत्येक पात्राला हवा तो पेशा शिकवता येतो. एका पेशात कमावलेले कौशल्य दुसऱ्या पेशात वापरण्याचीही मुभा असते. खेळाचे खरे आकर्षण या स्वातंत्र्यात आहे. कथानायक रामझा यालाही हे स्वातंत्र्य लागू आहे. त्याला तलवारबहाद्दर करावे, की मागे उभा राहून सहकाऱ्यांवर उपचार करणारा मांत्रिक करावे, हे सर्वस्वी खेळणाऱ्याच्या मर्जीवर असते.

बुद्धिबळात पाळ्या आळीपाळीने येतात. येथे तसे नाही. प्रत्येक पात्राचा वेग हा एक अंक असतो आणि अदृश्य घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो अंक त्या पात्राच्या खात्यात जमा होतो. खाते शंभरावर पोहोचले की त्याची पाळी. पाळीत चाल आणि कृती दोन्ही केल्यास खात्यातून शंभर वजा होतात; दोहोंपैकी एकच केल्यास ऐंशी आणि काहीच न केल्यास साठ. म्हणजे जागचे न हलता वार करणाऱ्याच्या खात्यात निदान वीस शिल्लक राहतात आणि त्याची पुढची पाळी तितकी लवकर येते. हा हिशेब खेळ कोठेही ठळकपणे शिकवत नाही. पहिल्या दोन अध्यायांत त्यावाचून काही अडतही नाही. रिओव्हानेसमध्ये मात्र सारे काही त्यावरच अवलंबून असते.

परतीची वाट नसलेला किल्ला

पहिली लढाई किल्ल्याच्या दाराशी होते. मलाक आणि किल्ल्याचे शिपाई यांच्याशी होणारी ही चकमक कठीण असली तरी ओळखीच्या वळणाची आहे. पाच जणांचा चमू, आघाडीला योद्धे, पिछाडीला वैद्य, ही घडी येथे उपयोगी पडते. ती जिंकल्यावर खेळ विचारतो, ‘सेव्ह करायचे काय?’ विजयाच्या आनंदात खेळाडू होकार देतो. येथेच खरा घात होतो.

कारण दार ओलांडल्यावर नकाशावर परतता येत नाही. दुकाने बंद, सरावाच्या लढाया बंद, नवे कौशल्य कमावण्याचे सारे मार्ग बंद. पुढची लढाई जिंकण्याची ताकद रामझापाशी नसेल, तर ती मिळवण्याची सोयच उरत नाही. मेमरी कार्डावर याआधीची दुसरी नोंद राखली असेल तर ठीक. एकाच नोंदीवर पुन्हा पुन्हा सेव्ह करणाऱ्याचे कित्येक तासांचे खेळणे मात्र वाया जाते. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. रिओव्हानेसमधून माघारी फिरण्याची विद्या कोणालाच अवगत नसते, कारण ती वाट खेळात ठेवलेलीच नाही.

वीग्राफशी द्वंद्व

आत एकटा वीग्राफ उभा असतो. हा काही ऐन वेळी आणून उभा केलेला खलनायक नव्हे. ऑर्डालियाविरुद्धच्या पन्नास वर्षांच्या युद्धात लढलेल्या आणि युद्ध संपताच मोबदल्याविना वाऱ्यावर सोडलेल्या सामान्य सैनिकांचा तो पुढारी. सरदार घराण्यांविरुद्ध त्याने उठाव केला. त्यात त्याची बहीण मिल्युडा सरदारपुत्र रामझाच्या तुकडीशी लढताना मारली गेली. पुढे वीग्राफ धर्मपीठाच्या सरदारांत सामील झाला आणि मरणाच्या दारात असताना एका राशिरत्नाशी करार करून त्याने आपले माणूसपण विकले. रामझा या किल्ल्यात आला आहे तो पळवून नेलेल्या आपल्या बहिणीला, अल्माला सोडवण्यासाठी. बहीण गमावलेला आणि बहिणीच्या शोधात आलेला असे दोघे समोरासमोर ठाकतात. या प्रसंगी बाकीच्या चार सहकाऱ्यांना दूर ठेवण्याचा मात्सुनो यांचा निर्णय कथेच्या अंगाने अचूक म्हणावा लागेल.

पटावर मात्र त्याचा अर्थ भयंकर होतो. वीग्राफची तलवारविद्या मंत्रासारखी दुरून लागते, पण मंत्राला लागणारा वेळ तिला लागत नाही. ती चुकत नाही आणि ढालीने अडवताही येत नाही. दोन-तीन घावांत रामझा कोसळतो. एरवी कोसळलेल्या पात्राच्या डोक्यावर तीनचा आकडा उलटा मोजला जातो आणि तेवढ्या अवधीत सहकारी त्याला उठवू शकतात. येथे सहकारीच नाहीत, त्यामुळे पडणे म्हणजे खेळ खलास. ज्याने रामझाला मांत्रिक केले आहे त्याची अवस्था सर्वांत केविलवाणी होते, कारण मंत्र पुरा होण्याच्या आत वीग्राफची पाळी येऊन गेलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते शोधून काढण्यातच या टप्प्याची खरी गंमत आहे. सर्वांत सरळ उपाय म्हणजे बळाचा. निंजा पेशातील दोन शस्त्रे एका वेळी चालवण्याचे कौशल्य रामझाने कमावले असेल, तर काही पाळ्यांतच निकाल लागू शकतो. पण ही तयारी किल्ल्यात शिरण्यापूर्वी कित्येक लढाया आधी व्हावी लागते.

दुसरा उपाय घड्याळाचा. रामझापाशी ‘येल’ नावाचे एक साधे कौशल्य असते, ज्यास २००७ च्या आवृत्तीत ‘टेलविंड’ म्हटले आहे. ललकारी द्यायची आणि वेग एकाने वाढवायचा, एवढेच त्याचे काम. सहकाऱ्यांसाठी म्हणून दिलेले हे कौशल्य स्वतःवरही चालते. वेग आठ असलेल्या पात्राला शंभर गाठण्यास तेरा ठोके लागतात, दहा असलेल्यास दहा आणि वीस असलेल्यास अवघे पाच. पहिल्या काही पाळ्यांत रामझाने वार करण्याचा मोह टाळून केवळ ललकारी द्यावी आणि वीग्राफच्या टप्प्याबाहेर सरकत राहावे. सुरुवातीला ही चाल भेकडपणाची वाटते; पण सातव्या-आठव्या ललकारीनंतर पट हळूहळू आपल्या बाजूला झुकू लागतो. वीग्राफची एक पाळी, मग रामझाच्या दोन, पुढे तीन. एवढा अवधी मिळाल्यावर ‘अ‍ॅक्युम्युलेट’ या दुसऱ्या कौशल्याने हल्ल्याची ताकदही एकेकाने वाढवीत न्यावी. अखेरीस रामझा असा वार करतो, की त्याला दुसऱ्या वाराची फारशी गरज भासत नाही. ज्या प्रतिस्पर्ध्याने तासभर छळले, तो असा निपचित पडलेला पाहून समाधान वाटते, हे कोणीही नाकारणार नाही.

प्रश्न उरतो तो पहिल्या चार-पाच पाळ्या तग धरण्याचा. तेथे वैद्याचे ‘ऑटो पोशन’ कामी येते. घाव बसताच पात्र आपोआप औषध घेते. ते किती वेळा घडेल हे ‘ब्रेव्ह’ या धैर्याच्या अंकावर ठरते. रामझाचा अंक सुरुवातीला सत्तर असतो, म्हणजे शंभरात सत्तर वेळा. येथेही एक खोच आहे. साठ्यातील सर्वांत हलके औषध आधी वापरले जाते. साध्या औषधाने तीस गुण भरून येतात, त्याहून वरच्या औषधाने सत्तर आणि सर्वांत वरच्याने दीडशे. म्हणून जाणते खेळाडू किल्ल्यात शिरण्यापूर्वी स्वस्त औषधे विकून टाकतात. थैली भरलेली असण्यापेक्षा तिच्यात काय नाही, याला अशा वेळी महत्त्व येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. खेळाच्या आरंभी खेळाडूला जन्मतारीख विचारली जाते. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, त्या तारखेवरून रामझाची रास ठरते. रास अर्थात पाश्चात्त्य पद्धतीची, सूर्यावरून काढलेली. पत्रिकेतील चंद्ररास येथे चालत नाही. वीग्राफची रास कन्या. रामझाची वृषभ किंवा मकर असेल तर दोघांचेही घाव सव्वापट लागतात. मिथुन किंवा धनू असेल तर पाऊणपट. आणि समोरची मीन असेल तर निम्मेच. वरवर पाहता नुकसान-फायदा दोन्हीकडे सारखाच. परंतु औषधाचे गुण राशीने घटत नाहीत. त्यामुळे ललकारी देत वेळ काढणाऱ्या मीन राशीच्या रामझाला हे द्वंद्व बरेच सुसह्य जाते. झटपट निकाल लावू पाहणाऱ्याला वृषभ बरी.

वीग्राफ हरला की लढाई संपत नाही. तो वेलियस नावाच्या राक्षसाचे रूप घेतो, सोबत तीन पिशाच्चे येतात आणि आता कोठे रामझाचे सहकारी धावत आत शिरतात. वेलियस पडला की लढाई जिंकली, पिशाच्चांना मारण्याची आवश्यकता नाही. द्वंद्वात वाढवलेला वेग आणि ताकद कायम राहत असल्याने ज्याने पहिल्या भागात चिकाटी दाखवली त्याला दुसरा भाग तुलनेने हलका जातो.

छतावरची लढाई

तिसरी लढाई किल्ल्याच्या छतावर होते. येथे एल्मडोर हा सरदार आणि सेलिया व लेडे या दोन मारेकरी स्त्रिया यांच्यापासून राफा या मुलीला वाचवायचे असते. तिघांपैकी एकालाही पुरेसे जखमी केले तरी शत्रू माघार घेतो. ऐकायला सोपे वाटते. परंतु राफा खेळाडूच्या आज्ञेत नसते. ती स्वतःच्या मतीने चालते आणि ज्यांच्यापासून पळायचे त्यांच्याच अंगावर कित्येकदा धावून जाते. मारेकरी तर इतके वेगवान, की खेळाडूची पहिली पाळी येण्यापूर्वी राफा मरून खेळ संपल्याचे प्रकार सर्रास घडतात. अत्यंत वेगवान पात्रे घेऊन जाणे आणि पहिल्याच पाळीत सर्व वार एकावर एकवटणे, यापलीकडे फारसे काही हाती नसते.

दोन लढायांतील हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. वीग्राफचे द्वंद्व कठोर आहे, पण न्याय्य आहे. हरणाऱ्याला आपण का हरलो हे कळते आणि नियम नीट वाचणाऱ्याला वाट सापडते. छतावर कसब असूनही दैव लागते. आणि दोहोंच्या आधी कोणतीही सूचना न देता परतीची वाट बंद करणे हा तर रचनेतील दोषच होय. त्याला अवघडपणाचा मान देण्याचे कारण नाही.

या खेळाची ‘द वॉर ऑफ द लायन्स’ ही आवृत्ती २००७ मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलवर आली. तिच्यात भाषांतर नव्याने झाले आणि वेलियसचा बेलियस, मलाकचा माराक झाला. लढाईतील पेच मात्र तेच राहिले. ३० सप्टेंबर २०२५ रोजी निघालेल्या ‘द इव्हालिस क्रॉनिकल्स’मध्ये काठिण्याची पातळी निवडण्याची सोय आहे आणि नोंद आपोआप होत राहते, तरीही जुन्या धाटणीचा खेळ हवा असणाऱ्यांसाठी तोही स्वतंत्रपणे दिलेला आहे.

किल्ला जिंकूनही अल्मा सापडत नाही. तिला आधीच दुसरीकडे हलवलेले असते. राफाच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मेलेला तिचा भाऊ मलाक राशिरत्नाच्या प्रभावाने पुन्हा उठतो आणि तिसरा अध्याय संपतो. पुढच्या अध्यायात रामझाला ‘स्क्रीम’ नावाचे नवे कौशल्य शिकता येते. वेग, ताकद आणि धैर्य हे सारे एकाच आरोळीत वाढवणारे हे कौशल्य वीग्राफशी लढून झाल्यानंतरच त्याच्या हाती पडते.