वाकलेली पाठ आणि दोन पानांचा हिशेब

उतारवयात स्त्रीची पाठ वाकावी, घरातल्या घरात पाय घसरावा आणि खुब्याचे हाड मोडून तिने अंथरूण धरावे, हे चित्र आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. माझ्या आजीचे असेच झाले, आणि ‘वयच झाले’ असे म्हणून सर्वांनी समाधान मानले. परंतु या वयामागेही काही कारण असले पाहिजे, असे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील फुलर ऑलब्राइट यांना वाटले.

त्यांना धागा मिळाला तो कबुतरांपासून. अंडी घालण्याच्या सुमारास मादीच्या हाडांत नवे अस्थिद्रव्य साठते, असे काइज आणि पॉटर या संशोधकांनी १९३४ साली दाखवले होते. इकडे ऑलब्राइट यांच्या ठिसूळ हाडांच्या रुग्णांत ऋतुनिवृत्त स्त्रियांचाच भरणा होता. बीजकोशांतील इस्ट्रोजेन हा अंतःस्राव आटला की हाडे विरळ होतात, असा सिद्धांत त्यांनी १९४१ च्या सुमारास मांडला. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले प्रेमारिन हे औषध अमेरिकेत विक्रीस आले.

येथवर सारे शास्त्राला धरून होते. मात्र १९६६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी ऋतुनिवृत्ती हा रोगच ठरवून या औषधात चिरतारुण्याचे आश्वासन पाहिले. लक्षावधी स्त्रियांनी ते घेतले. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसून आला. तो टाळण्यासाठी प्रोजेस्टिनची जोड देण्यात येऊ लागली.

खरी कसोटी लागली ती २००२ साली. अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील जोड-औषधाची चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला खुब्याचे अस्थिभंग पाचांनी घटले होते. परंतु स्तनाचे कर्करोग आठांनी आणि पक्षाघात आठांनी वाढले होते.

ऑलब्राइट यांचे उत्तर खोटे नव्हते. हाडांपुरते खरे असलेले उत्तर सबंध देहाला लागू केले गेले, ही चूक. जमेचे पान वाचून खर्चाचे पान न उलटण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे आम्हां सरकारी नोकरांस ठाऊक आहे. आज वैद्यक हे औषध वय, लक्षणे आणि धोका पाहून, निवडक स्त्रियांना देते. माझ्या आजीला प्रश्नही विचारता आला नव्हता. आजच्या स्त्रीने तो अवश्य विचारावा, आणि हिशेबाची दोन्ही पाने मागून घ्यावीत.