एका मोटारीचे दप्तर

डॅटसन २४०झेड नावाच्या जपानी मोटारीच्या मालकांना एक दुखणे पन्नास वर्षे छळत आले आहे. गाडी वेगात असली आणि खिडकीची काच थोडी खाली असली, की आत धुराचा वास येऊ लागतो. डोके जड होते. मालक साहजिकच बॉनेट उघडून इंजिनाकडे धावतो, सायलेन्सरची नळी चाचपतो, सांधे तपासतो, आणि सगळे शाबूत निघाले की कपाळाला हात लावून बसतो. चोर असतो मागे. धावत्या गाडीच्या पाठीशी हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घोटाळत राहतो, आणि डिकीच्या दाराभोवतीची किंवा तांबड्या दिव्यांमागची रबराची पट्टी वाळून चिरली असली, की त्या फटींतून तो गुपचूप आत शिरतो. जाणता मेकॅनिक म्हणून बॉनेटला हात लावण्याआधी डिकीच्या दारात कागदाचा कपटा धरून दार बंद करतो. कपटा सहज ओढून निघाला, तर रबर गेले असे समजावे.

इतक्या मोठ्या डोकेदुखीचे औषध हातभर रबर! पण ते आणायचे कोठून? ज्या गाडीच्या पहिल्या पिढीचे उत्पादन १९७८ साली थांबले, तिच्या डिकीचे रबर कोणत्या दुकानात टांगलेले असणार?

मी मोटारींचा शौकीन नव्हे, आणि ही गाडी मी कधी चालवलेलीही नाही. माझा धंदा शाळेत इतिहास शिकवण्याचा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. या दोन्ही धंद्यांत गुणांपेक्षा दोषांचा उपयोग अधिक होतो. या गाडीविषयी जसजसे वाचत गेलो, तसतसे असे दिसू लागले, की तिचा प्रत्येक बिघाड कोणत्या ना कोणत्या सालाकडे बोट दाखवतो. तो दुरुस्त करायला बसलेला माणूस नकळत इतिहासच वाचत असतो. म्हणून हा लेखप्रपंच.

ही गाडी १९६९ च्या ऑक्टोबरात टोकियोत जगापुढे आली. तिचे घरचे नाव फेअरलेडी झेड. निस्सान कंपनीचे अध्यक्ष कावामाता यांनी अमेरिकेत ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक पाहिले होते, त्याच्यावरून हे नाव कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांना मिळाले आणि पुढेही चालू राहिले. अमेरिकेतला कारभार युताका कातायामा यांच्याकडे होता. दणकट पुरुषी गाडीला ‘फेअरलेडी’ म्हटले तर अमेरिकन माणूस हसेल हे त्यांनी ओळखले. पहिल्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी त्या नावाच्या पट्ट्या उचकटून काढल्या आणि त्या जागी २४०झेड अशी अक्षरे लावली, असे सांगतात. २४० म्हणजे २.४ लिटरचे इंजिन. यातही गंमत आहे. जपानात दोन लिटरच्या वरच्या गाडीला कर जबर. म्हणून घरच्या गिऱ्हाइकासाठी मुख्यतः दोन लिटरचे इंजिन आणि परदेशी पाहुण्यासाठी मोठे. किंमत ठेवली ३,५२६ डॉलर. एवढ्या पैशात सहा सिलिंडरांची, अशा देखण्या बांध्याची गाडी त्या काळी दुसरी कोणी देत नव्हते म्हटले तरी चालेल.

स्वस्ताईची किंमत कोठेतरी मोजावी लागतेच. गाडीचा पत्रा पातळ होता आणि गंजापासून त्याचे रक्षण करण्याची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने या गाड्यांचे तळ खाल्ले, दारामागचे खालचे कोपरे खाल्ले. बॅटरीखालचा पत्रा तर तिच्याच आम्लाने झिजला. उलट नैर्ऋत्येकडच्या कोरड्या वाळवंटी मुलखात पत्रा ठणठणीत राहिला, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकला आणि रबर भाजून निघाले. म्हणजे उत्तरेच्या गाडीला पाय नाहीत आणि दक्षिणेच्या गाडीला तोंड नाही! जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा रंगाकडे किंवा इंजिनाकडे पाहत नाही. जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकते आणि पेचकसाच्या टोकाने पत्रा टोचून पाहते. इंजिन पुन्हा बांधता येते, सडलेला सांगाडा बांधायचा म्हणजे दिवाळे. कित्येकांनी दोन गाड्या घेऊन त्यांतून एक उभी केली आहे.

या गाडीच्या दप्तरातले सर्वांत वाचनीय पान म्हणजे कार्ब्युरेटर. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे हे यंत्र २४०झेडला दोन. प्रत्येकाने तीन सिलिंडर सांभाळायचे. घडण इंग्रजी एसयू पद्धतीची, बनावट हिताचीची. आत एक दट्ट्या असतो. इंजिनाने श्वास ओढला की तो वर उचलला जातो आणि त्याच्या टोकाची सुई छिद्रातून वर सरकून हवे तेवढे पेट्रोल सोडते. रचना इतकी साधी, की परीक्षा कानाने करता येते. वरचा तेलाचा दांडा काढून दट्ट्या बोटाने उचलावा आणि सोडावा. तो ‘टक्’ करून खाली बसला तर ठीक, आवाज आला नाही तर कोठेतरी अडकतो आहे. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे पाहायला आता उपकरणे आहेत. जुने मेकॅनिक रबरी नळीचे एक टोक कानात धरून दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी नेत आणि फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवीत. तंबोरा जुळवणाऱ्याला हे सांगायला नको.

मग १९७० साली अमेरिकेत हवाशुद्धीचा कायदा कडक झाला. धूर कमी करणे सर्वांनाच भाग पडले, आणि १९७३ व १९७४ च्या गाड्यांवर सपाट डोक्याचे नवे कार्ब्युरेटर आले. कायद्याची कलमे सांभाळता सांभाळता त्यांची रचना गुंतागुंतीची झाली. गाडी अडखळू लागली. आणखी भर म्हणजे, या इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या एकाच बाजूला, कार्ब्युरेटर वर आणि तापलेला लोखंडी पाइप खाली. उन्हाळ्यात लांबचा प्रवास करून गाडी दहा मिनिटे उभी केली, की नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पुन्हा चालू करावी तर खोकते, रडते, बंद पडते. नवखा माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पैसे घालवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शहाण्या मुलासारखी पहिल्या झटक्यात सुरू होते! ‘फक्त तापल्यावरच बिघडते का?’ हा एक प्रश्न विचारणारा मेकॅनिक भेटला, तर अर्धे काम तिथेच झाले.

मालकांनी यावर उपाय काढला तो असा: नवे कार्ब्युरेटर फेकायचे आणि १९७२ पर्यंतच्या गाडीचे जुने गोल डोक्याचे शोधून बसवायचे. अमेरिकन मालक थट्टेने म्हणत, की ते सपाट डोक्याचे धूड होडीचा नांगर म्हणून वापरावे. कायद्याने गाडी पुढे नेली आणि मालकांनी ती दोन वर्षे मागे ओढली. १९७४ साली तर सरकारने पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये अशी सक्ती केली. लोक इतके चिडले, की त्याच वर्षी ती सक्ती काढून घ्यावी लागली. बंपर जाड झाले, गाडी जड झाली. ते वजन ओढायला इंजिन आधी २.६ आणि मग २.८ लिटरचे झाले. १९७५ च्या २८०झेडमध्ये कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि तो तंटा मिटला.

विजेचे दुखणे थोडक्यात सांगतो. मोठ्या दिव्यांचा सगळा विद्युतप्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून आणि फ्यूजच्या पेटीतून जातो, त्यामुळे पेटी तापते आणि वितळते. मध्ये रिले बसवला की काम भागते.

एवढे वाचून ही गाडी नाजूक होती असे कोणी समजू नये. पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत, चिखलात आणि धुळीत, तिने १९७१ आणि १९७३ साली पहिला क्रमांक मिळवला. १९७३ चा विजेता शेखर मेहता हा युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण. आदल्याच वर्षी इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढले होते, त्यात त्याचेही घर गेले. त्या रॅलीत दुसऱ्या एका डॅटसनशी त्याची गुणांची बरोबरी झाली आणि नियमाने विजय त्याला मिळाला. पुढे १९७९ पासून सलग चार वर्षे त्याने ही रॅली जिंकली, प्रत्येक वेळी निस्सान कंपनीच्याच गाडीत.

आता सुट्या भागांकडे वळू. आपल्याला वाटेल, इंजिनाचे भाग मिळणे सर्वांत कठीण असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. हे इंजिन ब्लूबर्ड मोटारीच्या चार सिलिंडरी इंजिनाचे भाऊबंद. त्या घराण्यातली इंजिने कंपनीने अनेक गाड्यांत घातली आणि १९८० नंतरही बनवली. २८०झेडचे मोठे इंजिन उचलून २४०झेडमध्ये बसवणे ही तर नेहमीची गोष्ट. दुर्मीळ झाले ते रबर, प्लॅस्टिक, दिव्यांच्या काचा, डॅशबोर्ड. जे फक्त याच गाडीचे होते आणि ज्यांची किंमत त्या वेळी कोणाला वाटली नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले, तसे हे लोक भंगारवाड्यांतून हिंडतात. त्यांना लिपीही शिकावी लागते. निस्सानच्या भागाचा क्रमांक दहा अक्षरांचा, पाच-पाचाच्या दोन तुकड्यांत. पहिले पाच सांगतात भाग कोणता, दुसरे पाच सांगतात तो कोणत्या गाडीचा. ज्याला हे वाचता येते तो पहिला तुकडा तोच ठेवून दुसऱ्या गाडीचा भाग शोधतो, आणि एखाद्या साध्या प्रवासी मोटारीत आपले काम साधून घेतो.

मागणीची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. अगदी पहिल्या गाड्यांच्या डिकीच्या दारावर हवेसाठी दोन जाळ्या होत्या. १९७१ मध्ये त्या तिथून काढून मागच्या खांबांवर नेल्या. आज पहिल्या तुकडीतल्या गाडीच्या मालकाला नेमके ते जाळ्यांचे दार हवे असते, आणि त्यासाठी तो सुधारलेल्या दाराच्या कितीतरी पट पैसे मोजतो.

कारखानदारांना जाग उशिरा आली. निस्सानने अमेरिकेत १९९७ च्या सुमारास काही जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून आपल्याच दुकानांतून विकल्या. पण तो प्रयोग लवकर आटोपला. २०१७ साली माझदाने आपल्या पहिल्या रोडस्टरचे छत, स्टिअरिंग आणि टायरसुद्धा पुन्हा बनवायला घेतले. त्याच वर्षी निस्सानने स्कायलाइन जीटी-आरसाठी तसेच केले, आणि २०२० मध्ये टोयोटाने सुप्रा व २०००जीटीसाठी. मधल्या काळात झेडला जगवले ते मालकांनी आणि लहान कारागिरांनी. कोणी रबराचे साचे केले, कोणी फ्यूजची पेटी नव्याने घडवली. व्हिएतनाममध्ये स्टेनलेस पोलादाचे बंपर तयार होतात. कातायामा यांना यातले काही पाहायला मिळाले. ते १०५ वर्षे जगले आणि २०१५ साली वारले.

या मंडळींत अलीकडे एक वाद आहे. १९७३ ची गाडी नीट करायची म्हणजे कोणती करायची? जुने गोल कार्ब्युरेटर बसवलेली, सुरेख पळणारी? की कारखान्यातून जशी निघाली तशी, अडखळणारी? पहिल्या पक्षाचे म्हणणे, मोटार पळण्यासाठी असते. दुसऱ्याचे म्हणणे, १९७३ साली जे घडले ते गाडीवर दिसले पाहिजे. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण मला गाडी चालवायची नाही, हे त्यांनी मला ऐकवले तर माझ्यापाशी उत्तर नाही. दुसऱ्या पक्षाची अडचण एवढीच, की ते सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर बहुतेकांनी कधीच भंगारात घातले. ज्या थोड्यांनी ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले होते, त्यांची दारे आता ठोठावली जात आहेत.