२६ मार्च १९६९ : तेरा दिवसांच्या राजानंतर रायपूरचे शुक्ल

रायपूरचे श्यामाचरण शुक्ल यांनी या दिवशी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि राज्यातला पहिला आघाडीचा प्रयोग संपला. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होते. जुलै १९६७ मध्ये गोविंद नारायण सिंह ३६ आमदारांसह काँग्रेसमधून फुटले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले. जनसंघ, समाजवादी आणि हे फुटीर यांची मोट बांधली ती ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनी. नाव दिले संयुक्त विधायक दल. मिश्रांना खाली खेचणे, यापलीकडे या मंडळींत समान असे फारसे नव्हते.

भोपाळचे सरकार पावणेदोन वर्षेही टिकले नाही. गोविंद नारायण पायउतार झाल्यावर १३ मार्चला सारंगढचे गोंड राजे नरेशचंद्र सिंह मुख्यमंत्री झाले. मध्य प्रदेशाला लाभलेले ते आजवरचे एकमेव आदिवासी मुख्यमंत्री; कारकीर्द अवघी तेरा दिवसांची! बहुमत काँग्रेसकडे परतले आणि राजिमचे आमदार असलेले शुक्ल गादीवर आले. वडील रविशंकर शुक्ल हे १९५६ मध्ये याच राज्याचे पहिले मुख्यमंत्री.

नरेशचंद्र राजकारणातूनच बाजूला झाले. गोविंद नारायण मात्र काँग्रेसमध्ये परतले आणि १९८८ मध्ये बिहारचे राज्यपालही झाले.