महायुद्धाचे पारडे कोठे फिरले?

श्रोतेहो, दुसऱ्या महायुद्धाचे पारडे कोठे फिरले, असे विचारले की रणांगणांची नावे पुढे येतात. जून १९४२ मध्ये मिडवे बेटापाशी जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. नोव्हेंबरात अल् अलामीनला रोमेलचा पराभव झाला. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु आज आम्हांला तोफांचा नव्हे, कोठाराचा हिशेब मांडावयाचा आहे. त्यासाठी दोन वेढे पाहू : एक स्टालिनग्राडचा, दुसरा बर्लिनचा.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा कॉकेशसच्या तेलाकडे निघाल्या. व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडमध्ये घराघरासाठी झुंज जुंपली. शहर जवळजवळ हाती आले असता, १९ नोव्हेंबरला रशियनांनी रुमानियन सैन्याच्या भरवशावर सोडलेल्या बगला फोडल्या. चार दिवसांत फास आवळला आणि अडीच लाखांवर सैनिक आत सापडले. विमानांनी रसद पोचवू, अशी हमी गोअरिंगने दिली. रोज निदान ३०० टन हवे होते. सरासरीने पोचत सुमारे १००. सैनिकांनी घोडे मारून खाल्ले. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने सेनापती पाउलुसला फील्डमार्शल केले, कारण जर्मन फील्डमार्शल कधी शरण गेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो शत्रूच्या हाती लागला. कैद झालेल्या सुमारे ९१,००० सैनिकांपैकी मायदेशी परतले ते जेमतेम सहा हजार. रशियालाही या विजयासाठी अकरा लाखांवर मृत व जखमी मोजावे लागले.

पारडे फिरले ते जर्मन शिपायाचे शौर्य आटले म्हणून नव्हे. राज्यकर्त्यांची हाव रसदेच्या पुढे धावली म्हणून.

येथे थांबलो तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखे होईल. युद्ध जिंकले, पण शांतता कोण जिंकणार? १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जबर खंडणी लादली, आणि त्या अपमानाच्या निखाऱ्यावर हिटलरने फुंकर घातली. तो धडा डोळ्यांपुढे होता. जून १९४७ मध्ये मार्शल यांनी युरोपच्या पुनर्रचनेची योजना मांडली. तीत पराभूत पश्चिम जर्मनीलाही वाटा मिळाला.

जून १९४८ मध्ये नव्या चलनाच्या वादातून रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे व कालवे अडविले. वीस लाखांवर माणसे कोंडली गेली. तेव्हा ज्या राष्ट्रांच्या विमानांनी तीन वर्षांपूर्वी या नगरीवर बाँब टाकले होते, त्यांचीच विमाने पीठ आणि कोळसा घेऊन उतरू लागली. तिसरा विमानतळ हवा होता. बर्लिनच्या स्त्रीपुरुषांनी पडक्या घरांचा राडारोडा धावपट्टीच्या पायात घालून तो सुमारे तीन महिन्यांत उभा केला. १२ मे १९४९ रोजी वेढा उठला. सप्टेंबरापर्यंत एकूण २३ लाख टन माल पोचला होता. स्टालिनग्राडला फसलेला प्रयोग येथे साधला; कारण अंतर थोडे होते, विमाने पुरेशी होती, आणि वरून गोळीबार करणारे कोणी नव्हते.

म्हणून विजेते साधू झाले असे आम्ही म्हणणार नाही. यामागे शीतयुद्धाचा डाव होता. जर्मनी दुभंगली ती १९९० पर्यंत सांधली गेली नाही. शिवाय आम्हां भारतीयांना हा हिशेब मांडताना बंगाल विसरता येत नाही. स्टालिनग्राडचा निकाल लागला त्याच १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. धान्यासाठी मागितली तेवढी जहाजे लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने दिली नाहीत. पाच वर्षांनी कालच्या शत्रूसाठी आकाशमार्ग मोकळा झाला. दोस्तांच्याच बाजूने ज्यांचे पुत्र लढत होते, त्यांच्यासाठी समुद्रमार्ग मोकळा झाला नव्हता.

श्रोतेहो, विजयाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. यापुढे ऐकताना एवढेच विचारावे : त्या वर्षी पीठ कोणाच्या दारी पोचले, आणि कोणाच्या दारी पोचले नाही? युद्धाचे खरे पारडे तेथे कळते.