मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा

स्वतंत्र भारतात राष्ट्रपतिपदाची एकच निवडणूक अशी झाली, जिचा निकाल पहिल्या पसंतीच्या मतांवर लागला नाही. १६ ऑगस्ट १९६९ ला मतदान झालं आणि २० तारखेला मोजणी. मी महाडला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. राष्ट्रपतीच्या निवडीचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून फळ्यावर याच निवडणुकीचे आकडे मांडायचो. कलम ५४ आणि ५५ मुलांना पाठ होतात, पण मतदार खरोखर कसा निवडतो ते या आकड्यांवाचून कळत नाही. आणखी एक कारण होतं. त्या मतपत्रिकेवर आमच्या तालुक्यातला माणूस होता. महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं, तिथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक बसली. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचं नाव सुचवलं. कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने कौल दिला आणि पंतप्रधानांचं नाव पडलं. चारांपैकी दोघे महाराष्ट्राचे, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढच्या आठवड्यात घटनांना वेग आला. मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं गेलं, १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा देऊन स्वतंत्र उमेदवारी जाहीर केली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतीचं काम पाहू लागले. रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही मात्र इंदिरा गांधींचीच होती.

आता प्रमुख उमेदवारांकडे बघू. मला ही निवडणूक आजही अस्वस्थ करते ती यांच्यामुळे. तिघांनीही आयुष्यात कधी ना कधी स्वतःहून खुर्ची सोडली होती. गिरी कामगार चळवळीतून आलेले. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबद्दल अपील न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, तेव्हा त्यांनी केंद्रातलं श्रममंत्रिपद सोडलं. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव. दोन वर्षांनी चिंतामणरावांनीही नेहरूंचं मंत्रिमंडळ सोडलं, मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून. रेड्डी आंध्रचे मुख्यमंत्री असताना बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे मारले आणि १९६४ साली त्यांनी पद सोडलं. अशी तीन माणसं एकाच मतपत्रिकेवर येणं दुर्मीळ आहे.

त्यातही चिंतामणरावांची कामगिरी तोलायला घेतली तर पारडं जडच होतं. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. माझ्या वडिलांनी त्यांना मत दिलं होतं आणि राजीनाम्यानंतर ते मत सार्थकी लागलं असं ते म्हणत. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विमा सरकारकडे आला तो चिंतामणरावांच्याच कारकिर्दीत. पण १९६९ साली त्यांना उभं केलं स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने, म्हणजे बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांनी. ज्यांना बँका सरकारी झालेल्या हव्या होत्या त्यांनी आयुर्विमा सरकारी करणाऱ्या माणसाला बाजूला ठेवलं. उमेदवार कोण आहे यापेक्षा त्याच्या पाठीशी कोण उभं आहे हेच मतदार पाहत होते.

हे मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार आणि खासदार. विधान परिषदेला यात मत नाही, नियुक्त सदस्यांनाही नाही. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचं, मग हजाराने भागायचं, की एका आमदाराच्या मताचं मूल्य निघतं. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ३ कोटी ९५ लाखांचा, विधानसभा २७० जणांची. म्हणून आपल्या आमदाराचं मत १४६ चं. खासदाराचं ५७६ चं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. मतदान गुप्त. पक्षाचा व्हिप इथे चालत नाही. आपली विधानसभा तेव्हा जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. तिथल्या काँग्रेस आमदाराच्या मनात काय चाललं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. पक्षाचा उमेदवार रेड्डी, आणि यशवंतरावांनी मंडळात त्यालाच कौल दिलेला. पंतप्रधानांचा कल गिरींकडे. आणि यादीत तिसरं नाव मुंबईसाठी मंत्रिपद सोडणाऱ्याचं. २००७ साली शिवसेनेने भाजपशी युती असूनही राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार प्रतिभाताई पाटलांना मराठी म्हणून उघड पाठिंबा दिला. देशमुखांसाठी तसं करायला १९६९ साली विधानसभेत शिवसेनेचा एकही आमदार नव्हता. तिचे पहिले आमदार वामनराव महाडिक निवडून आले ते १९७० च्या पोटनिवडणुकीत.

खरी झुंज लागली ती दुसऱ्या आकड्यावर. देशमुख तिसरे येणार हे सगळे धरून चालले होते. मग त्यांना मत देणारे पुढची पसंती कुणाला देणार? काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघाच्या आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले आणि दुसरी पसंती रेड्डींना द्या असं त्यांनी सांगितलं. याच भेटीचा इंदिरा गांधींच्या गटाने मुद्दा केला: काँग्रेसचा अध्यक्षच विरोधकांशी हातमिळवणी करत असेल तर काँग्रेसच्या सभासदाने त्याचा आदेश का पाळावा? जगजीवन राम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी मतदानाच्या स्वातंत्र्याची मागणी पत्रांतून लावून धरली. शेवटी प्रत्येकाने विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, असं इंदिरा गांधींनी जाहीर केलं. गिरींच्या मागे दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक, अकाली दल आधीच उभे होते.

याच काळात रेड्डींची बदनामी करणारं एक निनावी पत्रक खासदारांना टपालाने आलं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही फिरलं. त्या प्रकाराची मला आजही चीड येते. माणसाच्या चारित्र्यावर अंधारातून चिखल उडवून मतं फिरवायची, आणि तीही राष्ट्रपतिपदासाठी!

पहिल्या पसंतीची मोजणी झाली. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. वैध मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. एकूण उमेदवार पंधरा, त्यातल्या पाच जणांच्या नावावर शून्य. एकाला बरोबर ५७६, म्हणजे एका खासदाराच्या मताएवढं मूल्य. त्या यादीत पांडुरंग नथुजी राजभोज हे नाव आहे. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, १९५२ साली सोलापुरातून लोकसभेवर गेलेले. त्यांना ८३१ मिळाली.

मग खालून एकेक उमेदवार वगळत गेले आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या गेल्या. सगळी मतं वाटून झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर. फळ्यावर मी इथे थांबायचो आणि मुलांना वजाबाकी करायला सांगायचो. या फेऱ्यांत रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या पारड्यात जेमतेम १८,५६२ ची. म्हणजे निजलिंगप्पांचं गणित चुकलं नव्हतं, देशमुखांची बहुतेक मतं त्यांच्या उमेदवाराकडेच आली. घात झाला पहिल्या आकड्यावर. काँग्रेसच्या कित्येक आमदार-खासदारांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारापुढे १ लिहिला नाही आणि ती तूट दुसऱ्या पसंतीने भरून निघाली नाही. शेवटचं अंतर १४,६५० चं होतं. महाराष्ट्राच्या मापाने शंभर आमदारांचं, आणि पन्नासेक जण इकडचे तिकडे झाले असते तर निकाल पालटला असता. गिरी-रेड्डींपैकी कुणापुढेच पसंती न लिहिल्याने मोजणीबाहेर गेलेल्या मतांचं मूल्य १०,८३३ होतं. त्या मतदारांनी आपल्या हातातली अर्धी ताकद मतपेटीबाहेर ठेवली.

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. पदावरचे राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला आले, याचिका १९७० साली फेटाळली गेली. काँग्रेस १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये फुटली होती. यशवंतराव इंदिरा गांधींकडे राहिले आणि पुढच्या वर्षी अर्थमंत्री झाले. १९७४ साली कायदा बदलून अर्जाला दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत लागू झाली. १९९७ पासून पन्नास-पन्नास आणि पंधरा हजार. रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. चिंतामणराव १९८२ साली हैदराबादला वारले.

माझं मत विचाराल तर १९६९ साली मतदारांनी राष्ट्रपतिपदाच्या नावाखाली काँग्रेसचा नेता ठरवला आणि त्या भांडणात तीन मोठी माणसं प्यादी झाली. विवेकबुद्धीच्या आवाहनाबद्दल मी तरीही वाईट बोलणार नाही. गुप्त मतदान आणि व्हिपपासून मोकळीक यासाठीच ठेवली आहे, आणि तिचा वापर एकदा तरी खरोखर झाला. तो वापर कुणी कशाच्या जोरावर केला, भीतीने, निष्ठेने की पटलं म्हणून, हे आकड्यांतून वाचता येत नाही. ते त्या माणसांच्या कागदांतच सापडेल. १९६७ च्या विधानसभेतल्या आमदारांच्या मुलानातवंडांना म्हणून माझी विनंती आहे: घरात १९६९ सालच्या डायऱ्या, पक्षाची पत्रं, तारा असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे द्या.