पेनिसिलिनला दाद न देणारा जंतु

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं लावला, ही हकीगत श्रोत्यांस पाठ असेल. त्या औषधाचा विजय सर्वजण वर्णितात. त्याच्या पराजयाची पहिली वार्ता कोणी व कशी टिपली, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. आज मला तेंच सांगावयाचें आहे.

डिसेंबर १९४५ मध्यें स्टॉकहोम येथें नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं बोलतांना फ्लेमिंग यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. एक गृहस्थ घसा दुखूं लागतांच पेनिसिलिन विकत आणतो व अपुरें घेतो. घशांतील जंतु मरत तर नाहींतच, उलट औषधाशीं झुंजावयास शिकतात. पुढें तेच जंतु त्याच्या पत्नीस जडतात आणि ती बिचारी दगावते. गोष्ट मनाला चटका लावणारी खरी, पण तिच्यांतील जंतूची निवड चुकली म्हणावयाची. घसा धरविणारा तो स्ट्रेप्टोकोकस अद्यापहि पेनिसिलिनपुढें मान तुकवितो. बंड केलें तें दुसऱ्यानें, आणि तें घरांत नव्हे, रुग्णालयांत.

हा दुसरा म्हणजे स्टॅफिलोकोकस. गळवांचा आणि चिघळलेल्या जखमांचा जंतु. सुदृढ माणसांपैकीं सुमारें एक-तृतीयांशांच्या नाकांत तो निमूटपणें नांदत असतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत डॉ. मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ विदुषी रोग्यांच्या पुवांतून हे जंतु वेगळे काढून, त्यांच्यावर पेनिसिलिन चालतें कीं नाहीं हें पाहून ठेवीत. काम कंटाळवाणें, पण त्यांनीं तें वर्षानुवर्षें चालविलें. १९४६ सालीं शंभरांतील सुमारें १४ जंतु औषधाला जुमानीत नव्हते. १९४७ सालीं ३८. १९४८ सालीं ५९. एकेका रोग्याच्या खाटेशीं बसून हें कोणास कळलें नसतें. कळलें तें नोंदवहीमुळें.

आतां प्रश्न असा, कीं फ्लेमिंगच्या गोष्टींतल्याप्रमाणें हे जंतु औषध घेतां घेतां शिकले काय? बार्बरबाईंचें उत्तर निराळें होतें. त्यांचे हट्टी जंतु पेनिसिलिनचा फडशा पाडणारा एक पदार्थ स्वतःच तयार करीत. असा पदार्थ दुसऱ्या एका जंतूंत ऑक्सफर्डच्या एब्रहॅम व चेन यांस १९४० सालींच, म्हणजे औषध बाजारांत येण्यापूर्वींच, आढळला होता. तेव्हां हट्टी कुळें थोडींबहुत आधींपासूनच होतीं. पेनिसिलिननें दुबळ्यांचा नाश करून त्यांस रान मोकळें करून दिलें, आणि तीं एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरलीं. असें असेल, तर ‘औषध किती द्यावें’ एवढेंच विचारून भागत नाहीं. जंतु कोणाच्या हातांतून आला, कोणत्या परिचारिकेच्या नाकांतून, कोणत्या पांघरुणांतून, हेंहि विचारावें लागतें.

याचा माग काढावयाचा कसा? सूक्ष्मदर्शकाखालीं सारे स्टॅफिलोकोकस सारखेच. द्राक्षांचे घोस जणूं. येथें एक चमत्कारिक साधन उपयोगी पडलें. जंतूंनाहि खाणारे विषाणु असतात; त्यांस बॅक्टेरिओफाज म्हणतात. एका थाळींत जंतु पसरावे, चौकटी आंखाव्या आणि प्रत्येक चौकटींत निरनिराळ्या जातीच्या फाजचा एकेक थेंब सोडावा. दुसरे दिवशीं कांहीं चौकटींत जंतु नष्ट होऊन स्वच्छ ठिपका पडतो, कांहींत नाहीं. कोठें ठिपका पडला व कोठें नाहीं, हीच त्या जंतूची ओळख. लंडनमध्यें विल्सन व ॲटकिन्सन यांनीं १९४५ सालीं ही पद्धति सिद्ध केली. बार्बरबाई व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं ती लावून पाहिली, आणि बहुतेक हट्टी जंतु थोड्याच कुळांतले निघाले. म्हणजे पसरणें हेंच खरें दुखणें होतें.

सिडनी येथें फिलिस राउंट्री यांनीं १९५५ च्या सुमारास याच रीतीनें ८० क्रमांकाचें कूळ ओळखलें. नवजात बालकांस तें फार छळीत असे. तिकडे बार्बरबाईंनीं हॅमरस्मिथमध्यें पेनिसिलिनचा सरसकट वापर थांबविला, औषधें जोडीजोडीनें देवविलीं आणि एका रोग्याचा संसर्ग दुसऱ्यास होऊं नये म्हणून कडक शिस्त बसविली. हट्टी जंतूंचें प्रमाण उतरलें, हें त्यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. माझ्या मतें हें कार्य फ्लेमिंगच्या शोधाइतकेंच स्मरणीय आहे. पण शोधाला जशी प्रसिद्धि मिळते तशी शिस्तीला मिळत नाहीं.

त्याच सुमारास मेथिसिलिन नांवाचें नवें औषध निघालें. त्या पदार्थाचें त्यापुढें कांहीं चालत नसे. परंतु लंडनमधील कॉलिंडेलच्या प्रयोगशाळेंत पॅट्रिशिया जेव्हन्स यांनीं पांच हजारांहून अधिक जंतु तपासले, त्यांत तीन या औषधालाहि न जुमानणारे सांपडले. तिन्ही एकाच रुग्णालयांतून आलेले. १९६१ सालीं ही वार्ता छापून आली. औषध येतें न येतें तोंच जंतु शिकला, असें सर्वांनीं धरलें.

कॉलिंडेलच्या मंडळींनीं ते जुने जंतु सुकवून, कुप्यांत घालून जपून ठेविले होते. अर्धशतक लोटल्यावर त्यांपैकीं दोनशेंहून अधिकांची जनुकसंहिता वाचण्यांत आली आणि २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मेथिसिलिनला न जुमानण्याची शक्ति या जंतूंत १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास, म्हणजे तें औषध जन्मास येण्यापूर्वीं सुमारें चौदा वर्षें, आली होती. तिला वाव दिला तो पेनिसिलिनच्या वापरानें. आणि बार्बरबाई हॅमरस्मिथला पहिले आकडे मांडीत होत्या तीं वर्षें हींच.