तंत्रज्ञान-कंपन्यांचे विभाजन

बाजारपेठेत वर्चस्व मिळवलेल्या तंत्रज्ञान-कंपनीचे शासनाने कायद्याने स्वतंत्र कंपन्यांत रूपांतर करणे. अमेरिकेत तेलक्षेत्रातील स्टँडर्ड ऑइल (1911) व दूरध्वनी क्षेत्रातील एटी अँड टी (1984) ही याची प्रमुख पूर्वोदाहरणे होत (पहा : मक्तेदारी). भारतात स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 28 नुसार वर्चस्वाचा गैरवापर टाळण्यासाठी विभाजनाचा आदेश देण्याचा अधिकार स्पर्धा आयोगास आहे. तथापि अँड्रॉइड प्रकरणी (ऑक्टोबर 2022) आयोगाने गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावून वर्तन सुधारण्याचे निर्देश दिले, विभाजन मात्र केले नाही.

विभाजनाऐवजी अन्य उपाय योजल्याचे उदाहरण यूपीआयच्या क्षेत्रात आढळते. लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड ग्राहकाला आपल्या पसंतीच्या ॲपने वाचता येतो, कारण यूपीआय ही बँकांची सामाईक देयक-प्रणाली आहे (पहा : डिजिटल देयके). तरीही बहुसंख्य व्यवहार फोनपे व गूगल पे या दोनच ॲपांतून होऊ लागल्याने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या मुंबईस्थित संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये प्रत्येक ॲपच्या व्यवहारसंख्येतील वाट्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घोषित केली. तिच्या पूर्ततेची मुदत पुढे 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवण्यात आली. कंपनी अखंड ठेवून तिचा बाजारातील वाटा मर्यादित करणारा हा उपाय विभाजनाहून सौम्य असला, तरी त्याची अंमलबजावणी वारंवार लांबणीवर पडणे ही त्याची गंभीर उणीव होय.